रुसायची खोली

तीर्थरूप अक्का हिस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालायची इच्छा फार आहे, पण उजवा गुडघा अजून कुरकुरतो (मागच्या वेळी तुझ्या पाया पडायला वाकलो तो भाऊजींनी काखेत हात घालून उभा केला, आठवत असेल), तेव्हा कागदावर जेवढं वाकता येतं तेवढा वाकलो आहे असं समज. तुझी सर्दी गेली का? भाऊजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं, की अजूनही घरातल्या सगळ्यांना, दूधवाल्यासकट, एकच आकडा दाखवतं? माझी प्रकृती उत्तम आहे. घराची त्याहून उत्तम आहे. तुझी भावजय सध्या तुझ्याकडेच आहे, तेव्हा तिची प्रकृती तू मला कळवायचीस, मी तुला नव्हे. इथे मी सगळ्यांना ती हवापालटासाठी गेल्याचं सांगितलं आहे. तुझं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे हवा तीच आणि धूरही तोच, हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. तुला कोणी विचारलं तर तूही हवापालटच म्हण. ती रुसून आली आहे हे तिला, मला, तुला आणि भाऊजींना एवढ्या चौघांनाच ठाऊक आहे, आणि ते चौघांतच राहावं. (आमच्या वस्तीच्या समितीचे चिटणीस आहेत, त्यांना थोडा वास लागला आहे. ते पुढे येईलच.)

पत्र लिहिण्याचं कारण अगदी वेगळं. आपलं घर तयार झालं, अक्का! आणि असं झालं आहे की तू दारात उभी राहिलीस तर चुकून दुसऱ्याच्या घरी आले म्हणून माफी मागून परत फिरशील. तू ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावंस अशी माझी फार इच्छा आहे. ऐकीव माहितीवर विसंबू नकोस, विशेषतः सध्या तुझ्या मागच्या खोलीत जी व्यक्ती दार लावून बसली आहे तिच्याकडून आलेल्या माहितीवर.

तू लग्न होऊन गेलीस तेव्हा आपली वस्ती नुसती जुनी होती. आता ती ऐतिहासिक झाली आहे. फरक एवढाच की जुन्या घराची खिडकी तुटली तर मालक ती बदलायचा, ऐतिहासिक घराची तुटली तर समिती बसते. गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली आहे, खालची फरसबंदी घासून काढली आहे, आणि छत्री उंच धरलेल्या एका बाईच्या मागून पाहुण्यांचे घोळके माना वर करून हिंडत असतात. ज्या बाल्कनीतून आपण खालून जाणाऱ्यांच्या टकलावर पाणी शिंपडायचो तिचे लोखंडी कठडे आता बघण्यासारखे ठरले आहेत. (पाणी शिंपडण्याचा उल्लेख पाटीवर नाही.) घराला बाहेरून हात लावायचा नाही, आत काय वाटेल ते करा, असा नियम आहे. खिडक्या रंगवायच्या तर मूळच्याच रंगात. म्हणून आमची खिडकी खरवडली, तर हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली तपकिरी, आणि तपकिरीखाली पुन्हा हिरवा, पण निराळा. यातला खरा कोणता यावर समितीच्या बैठकीत दोन सभ्य माणसं एकमेकांना ‘अहो’ वरून ‘अरे’ वर आली. शेवटी मी उभा राहिलो आणि म्हणालो, सर्वांत वरचा. सगळे थकले होते, मंजूर झालं. वस्तीत माझ्या शब्दाला तेव्हापासून वजन आहे.

आतल्या कामासाठी आम्ही आर्किटेक्टबाई नेमल्या. वयाने लहान, चष्मा मोठा, आणि तोंडी सतत एकच शब्द, ‘मोकळं’. घर मोकळं हवं, नजर मोकळी फिरली पाहिजे, उजेड मोकळा खेळला पाहिजे. मला त्यांचं म्हणणं लगेच पटलं. (मला नवीन गोष्टी लगेच पटतात, हा माझा गुण बाबांना कधी कळला नाही.) पहिल्याच दिवशी त्या हातात फीत घेऊन खोलीखोलीतून फिरल्या आणि प्रत्येक दारापाशी थांबून विचारू लागल्या की ही खोली कशासाठी वापरता. बैठकीची खोली झाली, स्वयंपाकघर झालं, निजायची खोली झाली. मग आम्ही मधल्या खोलीपाशी आलो. दार बंद होतं.

आता अक्का, तूच सांग, परक्या बाईला मी काय उत्तर द्यायचं? आपल्या घराण्यात ती खोली रुसायची आहे हे सांगायचं? की आपल्या घरात आजवर कोणी कोणाला ‘चुकलं माझं’ असं म्हटलेलं नाही, आपल्याला ते शब्द जमतच नाहीत, म्हणून ज्याला राग येईल तो मधल्या खोलीत जाऊन दार लावून घेतो, आणि ज्याच्यामुळे राग आला तो चहा करून आणतो, दारावर दोनदा टकटक करतो, कप उंबऱ्यावर ठेवतो आणि मागे वळून न बघता निघून जातो? कप आत गेला की प्रकरण मिटलं, रिकामा कप घेऊन माणूस बाहेर आलं की बोलणं पावसापाण्यावर सुरू करायचं, हे सगळं त्या मोजायची फीत हातात धरून कसं ऐकून घेणार? बाबांचं आठव. त्यांचा चहा म्हणजे गरम पाण्याला चहाची नुसती ओळख करून दिलेली असायची, पण आईने कप परत पाठवल्याचं मला आठवत नाही. आणि तुला कॉलेजच्या सहलीला पाठवलं नाही तेव्हा तू जी आत बसलीस, त्या वेळी आईने केलेला कप माझ्या हाती दिला होता आणि तो मी वाटेतच अर्धा प्यायलो होतो. तरी तू बाहेर आलीस. तुझी भावजय या घरात आली ती बिचारी मोकळेपणाने भांडणाऱ्या घरातून आली होती, पण वर्षभरात ही पद्धत तिने अशी उचलली की आई म्हणायची, ही पोटची असती तरी इतकी चांगली रुसली नसती.

तर त्या दारापाशी मी आर्किटेक्टबाईंना आत्मविश्वासाने सांगितलं, “इथे काही नसतं. अडगळ आहे सगळी.”

त्यांनी लगेच कागदावर त्या खोलीवर फुली मारली. इथे एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. त्या वेळी तुझी भावजय आत होती. (ओल्या टॉवेलवरून काहीतरी झालं होतं, टॉवेल माझा, पलंग तिचा.) तिने ते ऐकलं. त्या दिवशीचा चहा मी दोनदा करून नेला, तेव्हा कुठे दुसऱ्यांदा कप आत गेला. त्याच वेळी मी सावध व्हायला हवं होतं असं तू म्हणशील. पण नवीन घर डोक्यात भरलं की माणसाला बाकीचं ऐकू येत नाही.

मग भिंती पडल्या. आता दारातून आत पाऊल टाकलं की थेट पलीकडच्या खिडकीपर्यंत नजर जाते, मध्ये तिला अडवायला काही म्हणता काही नाही. दिवे असे बसवले आहेत की बटण लागतच नाही, माणूस हलला की आपोआप लागतात. मोरीचं, म्हणजे आता बाथरूमचं, दार काचेचं आहे आणि रुळावरून सरकतं, इतकं हलकं की शेजारून कोणी भराभर गेलं तर ते सौजन्य म्हणून आपणच थोडं उघडतं. आणि स्वयंपाकघरात खिडकीखाली लाकडी बैठक केली आहे, गादी घातलेली, खाली डबे ठेवायला कप्पे, सकाळचं ऊन बरोब्बर मांडीवर येतं. येणारा प्रत्येक जण तिथेच जाऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. त्या जागी आर्किटेक्टबाईंना भांडी धुवायचं यंत्र बसवायचं होतं आणि मीही यंत्राच्याच बाजूचा होतो. बैठक हवी म्हणून तुझी भावजय एकटी दोघांशी भांडली, पुठ्ठ्याचं खोकं तिथे मांडून त्यावर बसून दाखवलं, आणि मी तिला काय म्हणालो होतो ते इथे लिहिण्याची गरज नाही.

काम संपल्यावर समितीची मंडळी घर बघायला आली. चिटणीस, त्यांच्याबरोबर आणखी चारजण, सगळे मोजे घालून हळूहळू चालणारे. मी त्यांना घर दाखवलं. अक्का, मी काय दाखवलं म्हणून सांगू! दिवे लावून दाखवले (म्हणजे हात हलवून), दार सरकवून दाखवलं, मागे हात बांधून भिंती कुठे कुठे होत्या ते सांगितलं. चिटणीस खिडकीतल्या बैठकीवर बसले आणि डोळे मिटून म्हणाले, वा, ही कल्पना कोणाची? आणि मी म्हणालो, “मला पहिल्यापासूनच वाटत होतं, इथे बसायला काहीतरी हवं.”

तुझी भावजय तेव्हा चहाचा ट्रे घेऊन माझ्या मागेच उभी होती. तिने ट्रे आपटला असता तर मी तिथल्या तिथे काहीतरी सारवासारव केली असती. तिने तो अलगद ठेवला. मग पदर सावरून मधल्या खोलीकडे निघाली. सवय, दुसरं काय. तावातावाने जिथे खोली होती तिथवर गेली, दार ओढून घ्यायला हात मागे केला, आणि हातात काही आलं नाही. डोक्यावरचा दिवा मात्र लागला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो, कारण आर्किटेक्टबाईंनी नजर मोकळी सोडली होती.

तिथून ती बाथरूमकडे गेली आणि आतून दार सरकवून घेतलं. चिटणीस त्याच बाजूने जिन्याची कमान बघायला निघाले आणि दार सौजन्याने उघडलं. ती बाहेर आली ती सरळ बाल्कनीत, आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. ही युक्ती तशी चांगली होती. पण तेवढ्यात खाली छत्रीवाली बाई आपला घोळका घेऊन आली, तिने वर छत्री दाखवली, आणि सगळ्यांनी कठड्यांचे फोटो काढले. तुझी भावजय आता कोणाकोणाच्या घरी, कोणकोणत्या देशांत, तोंड फुगवलेल्या अवस्थेत पोचली असेल देव जाणे. त्यातल्या एकाने तर तिला हात हलवून हसायची खूण केली म्हणे. मंडळी गेल्यावर तिने कपाटातून बॅग काढली. मी विचारलं, कुठे? तर शांतपणे म्हणाली, “वन्संकडे जातेय. त्यांच्याकडे भिंती आहेत.”

माहेरी गेली नाही, तुझ्याकडे आली, यात तुझा मान आहे हे लक्षात घे. तू फोनवर मला जे म्हणालीस (‘ती आत आहे, दार लावलंय, मी मध्ये पडणार नाही, तुमचं तुम्ही निस्तरा’) ते मात्र थोरल्या बहिणीला शोभणारं नव्हतं. ती फोन उचलत नाही ते एक सोड. उचलला तरी मी बोलणार काय? आपल्या घरात टेलिफोनवरून चहा देण्याची सोय अजून कोणी काढलेली नाही.

ती गेल्यावर मलाही राग आला. का येऊ नये? चूक दोन्ही बाजूंची असू शकते, माझ्या बाजूची थोडी ठळक असेल. तेव्हा मीही रुसायचं ठरवलं. पण या घरात ते किती अवघड आहे हे तोपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अंधारात स्वस्थ बसावं म्हटलं, तर नाक खाजवलं तरी दिवा लागतो. भिंतीकडे तोंड करावं तर सोयीची भिंत नाही. शेवटी फ्रिजच्या आडोशाला स्टूल टाकून बसलो, तर फ्रिजच गुरगुरायला लागला. आणि मुख्य अडचण अशी की चहा घेऊन येणारं कोणी नव्हतं. स्वतःच उठून केला, स्वतःच्या समोर ठेवला, आणि तसाच ओतून दिला. मला करमत नाही, अक्का. घर ऐसपैस झालं आहे आणि त्यात कुठेही बसलो तरी मी कडेलाच बसल्यासारखा वाटतो.

पण मी हातपाय गाळणाऱ्यांतला नाही. दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं. मधल्या खोलीचं जुनं दार त्याने फेकलं नव्हतं, दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकून त्यावरच आमची सगळी फळकुटं कापली होती. त्यावर चुना सांडला आहे, करवतीचे ओरखडे उठले आहेत, आणि माझ्याशी तो कधी जेवढ्या प्रेमाने बोलला नाही तेवढ्या प्रेमाने त्या दाराबद्दल बोलतो, कारण असं टेबल त्याला पुन्हा मिळणार नाही. मी म्हटलं, दार परत बसव. त्याने विचारलं, कशात? मी म्हटलं, आधी चौकट, मग दार, मग भिंत. तो म्हणाला चौकट नि दार आजच बसवतो, भिंत गवंड्याची, आणि गवंडी गावाला गेला आहे. तेव्हा सध्या घराच्या बरोब्बर मध्यभागी एक चौकट उभी आहे, खाली जमिनीला आणि वर छताला पक्की, आणि तिच्यात ते दार. दोन्ही बाजूंना काही नाही. वळसा घालून जाता येतं, पण मी जात नाही. कडी काढतो, आत जातो, कडी लावतो. आर्किटेक्टबाई बघायला आल्या, त्यांनी दोनदा प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, धाडसी आहे. मी म्हटलं, आहेच. चिटणीस आले तेव्हा मी दाराआड खुर्चीवर बसलो होतो. त्यांना मी कडेने स्वच्छ दिसत होतो, तरी त्या सद्गृहस्थाने दारावर टकटक केली आणि मी ‘या’ म्हणेपर्यंत ते थांबले. त्या माणसाचं लग्न फार सुखाचं असलं पाहिजे.

ते आले होते फोटोचं सांगायला. समिती जुन्या वस्तीतल्या नव्या घरांची पुस्तिका काढते आहे. आपल्या घराचा फोटो त्यात जायचा आहे, खिडकीतल्या बैठकीवर घरधनी आणि घरधनीण दोघं बसलेली, येत्या रविवारी. त्यांनी विचारलं, वहिनी हवापालटाहून कधी येणार? मी म्हटलं, हवा पालटली की. ते म्हणाले, मग लवकर पालटवा. तेव्हा अक्का, तुझ्याकडे मागणं एवढंच की रविवारच्या आत तिला पाठवून दे, आणि तिच्याबरोबर तू आणि भाऊजीही या. कारण सांगताना फक्त फोटोचं सांग. बाकी इथे सगळं छान चाललं आहे, मी मजेत आहे, आणि घर तर बघशीलच. भाऊजींना नमस्कार, यंत्राला माझ्यातर्फे एक चापट.

कडेने दिसणारा, पण दाराआड बसलेला,
तुझा धाकटा

ता. क. फोटोचं कारण सांगू नकोस. तिला वाटेल मला फोटोसाठीच हवी आहे. त्यापेक्षा असं कर, चहा कर, कमी साखरेचा, मागच्या खोलीच्या दारावर दोनदा टकटक कर, कप उंबऱ्यावर ठेव आणि निघून ये. माझ्या वतीने असं म्हणायची गरज नाही, ती समजेल. कप आत गेला तर मला कळव.

आणखी एक ता. क. कालच्या समितीच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की खिडकीतली बैठक ही माझी कल्पना नव्हे, तिची. मी तर ‘स्वयंपाकघरात बाकडी टाकून काय शाळा काढायची आहे’ असं तिला म्हणालो होतो, तेही सांगितलं. चिटणीसांनी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांना विषय कळला नाही. हे तिला मुळीच सांगू नकोस. म्हणजे तिच्या दाराबाहेर उभी राहून भाऊजींना सांग, त्यांना कमी ऐकू येतं असं धरून.

शेवटचं. वरच्या दोन्ही ता. क. राहू देत. दिवसभर विचार केला, तू ठेवलेला कप चालणार नाही. रुसवलं ज्याने, टकटक त्याचीच लागते, तू मी नव्हे हे तिला बोटांच्या आवाजावरून कळेल. पाकिटावर तिकीट नाही आणि पत्र दाराखालून आलं, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. अक्षर वाकडं आहे कारण कागद गुडघ्यावर आहे आणि गुडघा तुझ्या जिन्याच्या पायरीवर. घंटा मुद्दाम वाजवली नाही, ती तिलाही ऐकू गेली असती. तू हळूच दार उघड आणि चहाचं आधण ठेव. कप मी घरून आणला आहे, तिचाच, टॉवेलमध्ये गुंडाळून. टॉवेल कोरडा आहे.